रेने कासाँ यांस, ‘घरचा मामला’ ऐकून कंटाळलेल्या एका बाईकडून

आदरणीय कासाँ साहेब,

मी कौटुंबिक समुपदेशन केंद्रात काम करते. समोर बाई मार खाऊन आलेली असते आणि सोबतचा दीर ठरलेलं वाक्य टाकतो, ‘ताई, हा आमच्या घरचा मामला आहे.’

तुम्ही फ्रेंच कायदेपंडित. हे वाक्य तुम्ही १९३३ मध्ये जिनिव्हात, राष्ट्रसंघात (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची देशांची संघटना) फ्रान्सचे प्रतिनिधी असताना ऐकलंत. फ्रान्झ बर्नहाइम, तेव्हाच्या जर्मनीतल्या अप्पर सायलेशिया भागातला साधा नोकरदार, ज्यू म्हणून कामावरून काढलेला. त्याने थेट राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. नाझी जर्मनीचा सूर काय, तर आमच्या माणसांचं आम्ही बघू, तुम्ही कोण? ऑक्टोबरात त्यांनी राष्ट्रसंघच सोडला. ते तुमच्या मनातून कधी गेलं नाही.

खरं तर तुम्ही घरी बसला असतात तरी कुणी बोललं नसतं. १९१४ च्या युद्धात पोटात गोळ्या लागलेल्या, जन्मभर पट्टा बांधायचा. पण १९४० मध्ये पन्नाशी उलटलेले तुम्ही बोटीत बसून लंडनला, नाझींविरुद्ध लढा चालू ठेवणाऱ्या जनरल द गॉल यांच्याकडे गेलात. नाझींशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्समधल्या व्हिशी सरकारने तुमचं नागरिकत्व काढून घेतलं, गैरहजेरीत फाशी सुनावली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार जाहीरनाम्याचा मसुदा हातात घेतलात. पहिला आराखडा कॅनडाच्या जॉन हम्फ्री यांचा, हे इथे सांगायला हवं. सगळं श्रेय तुम्हालाच देतात, ते बरोबर नाही. आणि इंग्रजी मसुद्यातलं ‘ऑल मेन’ आपल्या हंसाबेन मेहतांनी बदलायला लावलं, तेही सांगतेच! १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये ४८ देशांनी होकार दिला, आठ तटस्थ राहिले, विरोधात एकही नाही.

माझे आभार मात्र तुमच्या एका हट्टासाठी आहेत. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला स्वतः तक्रार करता आली पाहिजे, सरकारच्या तोंडून नव्हे, हे तुम्ही लावून धरलंत. गंमत बघा, १९६५ ते ६८ तुम्ही युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचे अध्यक्ष होतात, आणि ते न्यायालय ज्या युरोपीय मानवाधिकार करारावर उभं आहे, तो तुमच्याच फ्रान्सने मंजूर केला १९७४ मध्ये. नागरिकांना तिथे थेट अर्ज करू दिला तो १९८१ मध्ये, तुम्ही गेल्यावर पाच वर्षांनी. ‘घरचा मामला’ फ्रेंचमध्येही चालतो म्हणायचा.

उद्या दहाला एक बाई येणार आहे, दिरासोबत. त्याची खुर्ची मी दाराबाहेर ठेवली आहे.

आपली,
केंद्रातली ताई