कामात राम राहिला नाही म्हणतेस म्हणून

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडायची की नाही, यावर मी बोलणार नाही. झोपतेस मात्र नीट ना?

ऑफिसात एआयची सिस्टीम आली, काम हलकं झालं, मग जीव का रमत नाही, असं विचारलंस. अगं, हलकं कुठे झालं? पासवर्ड विसरला, पावती हवी, अशी ग्राहकांच्या तक्रारींची सोपी तिकिटं एआयने उचलली. तुझ्या वाट्याला उरली ती फक्त गुंतागुंतीची, चिडलेल्या माणसांची. मधे दम खायची जागाच गेली. वर दर तिकिटाचा सरासरी वेळ वाढला, म्हणून कामाचे आकडे दाखवणाऱ्या डॅशबोर्डवर तू लाल! वेग तुझा नाही घटला, गाळणी बदलली. साहेबांना सांग, जुन्या-नव्या आकड्यांची तुलना तिकिटाच्या प्रकारानुसार करा.

लिसान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच हे मांडलं होतं: सोपं काम यंत्राकडे जातं, अवघड माणसाकडे उरतं, आणि सराव तुटल्याने ऐन वेळी हातच चालत नाही. एआयने लिहिलेल्या उत्तरांच्या मसुद्यावर दिवसभर 'मंजूर' दाबत बसलीस तर तुझंही तेच होईल.

दोन आठवडे वहीत टिपून ठेव: कोणतं काम, किती मिनिटं, निर्णय कोणाचा. मग साहेबांकडे एकच मागणी ने. 'रोजची चार-पाच तिकिटं मसुद्याशिवाय, पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी.' 'सिस्टीम वाईट आहे' असं म्हणालीस तर ते कानाआड करतील.

आणि तो फोन रात्री बाहेरच्या खोलीत ठेव. ग्रुपचे मेसेज ठरलेल्या वेळीच बघ, पण आधी सगळ्यांना सांग की तातडीचं असेल तर कॉल करा. न सांगता आवाज बंद केलास तर टाळतेस असं वाटेल लोकांना.

झालं माझं व्याख्यान सुरू. रागावू नकोस. गजराचं घड्याळ खोलून बसायचीस तेव्हा बाबांनाही हात लावू द्यायची नाहीस. एक स्क्रू उरायचा, तरी घड्याळ चालायचं. केवढी ऐट असायची तुझी! ती मुलगी 'मंजूर' दाबत बसलेली मला बघवत नाही. बघ, पुन्हा तेच.

दादाला यातलं काही बोललेले नाही. तो लगेच 'सोडून दे' म्हणेल आणि तू ऐकशील.

तुझी,
आई