जगज्जेतं गाव आणि रद्दीत गेलेली चोपडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात क्रीडा पानावर स्कॉटलंडच्या फुटबॉलवर लेख आला. सेल्टिक, रेंजर्स हे ग्लासगोचे दोन संघ, त्यांचं हाडवैर, संपलं. मुंबईच्या क्रिकेटवर लिहावं आणि शिवाजी पार्काच्या बाहेर पाऊल टाकू नये, तसं झालं हे. राहवलं नाही म्हणून लिहितो.

अमळनेरला आमचं आजोबांपासून कापडाचं दुकान. मुलाने तिथे आता मोबाइलचं दुकान थाटलंय. माळा रिकामा करताना एका पेटीत जुनं तिकीट निघालं. कापडाच्या गाठीवर चिकटवायचे, ते. तळहातापेक्षा थोडं मोठं, कमळावर लक्ष्मी, दोन हत्ती, सोनेरी किनार आणि खाली बारीक अक्षरात ग्लासगो. लक्ष्मीचं नाक मात्र चक्क मडमेचं! आजोबा या मालाला ‘टर्की रेड’ म्हणत. आपल्याकडे आलाच्या मुळ्यांनी रंगवलेला खारवा होताच, चोपड्यांच्या पुठ्ठ्यांना तोच लागायचा. पण विलायती लाल रंग उन्हात विटत नाही, धुवून जात नाही, म्हणून गिऱ्हाईक तो मागायचं.

हा रंग चढवणारे मोठे कारखाने ग्लासगोजवळच्या लेव्हन नदीकाठी होते. लॉक लोमंड सरोवरातून निघून डम्बार्टनपाशी क्लाइड नदीला मिळणारी ही नदी जेमतेम दहा-अकरा किलोमीटरची. अमळनेरहून निघालात तर धरणगाव यायच्या आत संपेल. पाणी मऊ आणि स्वच्छ, म्हणून रंगारी तिथे. मंजिष्ठाची मुळं, तेल, शेण, बैलाचं रक्त, असल्या गोष्टींतून सूत पुन्हा पुन्हा काढायचं. हात कोपरापर्यंत लाल असलेल्या या कामगारांना शनिवारी अर्धी सुटी मिळायची. त्या दुपारी ते आधी शिंटी नावाचा काठीचा खेळ खेळत, मग फुटबॉल.

१८७२ साली या खोऱ्यात दोन क्लब निघाले. अलेक्झांड्रिया गावचा ‘व्हेल ऑफ लेव्हन’ आणि शेजारच्या रेंटनचा ‘रेंटन’. तेव्हा ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबला, १८६७ साली निघाल्यापासून, एकाही स्कॉटिश संघाने हरवलं नव्हतं. डिसेंबर १८७६ मध्ये व्हेलने त्यांना २-१ ने पाडलं. पुढे १८७७, ७८, ७९ असा सलग तीनदा स्कॉटिश कप नेला. शेवटच्या खेपेला गंमतच झाली. रेंजर्सशी अंतिम सामना १-१ सुटला, त्यांचा एक गोल नाकारला म्हणून रेंजर्स रुसले आणि फेरसामन्याला आलेच नाहीत. कप व्हेलला. आपल्या लेखातल्या ‘बलाढ्य’ रेंजर्सची ही गोष्ट छापायला काय हरकत होती?

रेंटनचं तर विचारूच नका. १८८५ आणि १८८८ साली कप जिंकला. ८८ च्या मे महिन्यात इंग्लंडचा कपविजेता वेस्ट ब्रॉमविच आला, भर वादळात ४-१ ने हरला, आणि रेंटनकरांनी मैदानावर पाटीच लावली, ‘जगज्जेते’. एवढंसं गाव! त्यांना वेडे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

घात पैशाने केला. इंग्लंडमध्ये १८८५ पासून खेळाडूला उघड पगार चालत होता, स्कॉटलंडमध्ये १८९३ पर्यंत बंदी. चांगली पोरं एकेक करून निघाली. रेंटनचे केली आणि मॅकॅलम नव्या सेल्टिककडे गेले. सेल्टिकचा पहिलावहिला गोल या मॅकॅलमचाच. म्हणजे आपला लेख जिथे सुरू होतो, तिथली वीट रेंटनची आहे. खुद्द रेंटनला १८९० मध्ये, खेळाडूंना चोरून पगार दिल्यावरून निलंबित झालेल्या एका संघाशी खेळल्याबद्दल लीगमधून काढलं. परत घेतलं, पण दम गेला होता. १८९१-९२ मध्ये व्हेल बावीस सामने खेळला आणि एकही जिंकला नाही. १९२२ साली रेंटन क्लब मिटला, त्याच्या मैदानावर पुढे घरं झाली. व्हेलचाही क्लब १९२९ ला बुडाला, पण १९३९ ला त्याच नावाने पुन्हा उभा राहिला. रंगाचे कारखाने गेले, क्लब आहे.

हे मला इतकं का टोचतं ते सांगतो. सत्तरच्या दशकात आम्ही मिलच्या चाळीतली आणि पेठेतली पोरं बोरी नदीच्या पात्रात खेळायचो. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेची दुकानं लागली की खेळ बंद. बुटांचा एकच जोड, म्हणून उजव्या पायाने मारणारा उजवा घालायचा, डावखुरा डावा. बचाव सोडून कोणी पुढे पळाला की गोलकीपर मागून ओरडायचा, “कथा जाई ऱ्हायना रे भो?” (कुठे चाललास रे भाऊ?) सामने, गोल, वर्गणी, सगळं दुकानातल्या एका लाल चोपडीत लिहायचो. मिल बंद पडली, पोरं सुरतेला, पुण्याला पांगली. चोपडी माझ्याकडे राहिली आणि एका दिवाळीच्या आवराआवरीत मीच ती रद्दीवाल्याच्या तराजूत टाकली. दुसऱ्या कोणाचा दोष नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या रंगाऱ्यांचा स्कोअर मला इथे बसून सापडतो, आमचा नाही.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत, धुळ्यात, चाळीसगावात असे संघ होतेच. रविवारी एक कोपरा त्यांच्या आठवणींना द्यावा, ही विनंती.

सोबत एक फोटो पाठवतो आहे. अकरापैकी दहा नावं मागे लिहिली आहेत. डावीकडून तिसरा, डोक्याला रुमाल आणि फक्त डाव्या पायात बूट, त्याचं नाव काही केल्या आठवत नाही. कोणी ओळखलं तर आपल्या कचेरीत कळवावं. फोटो मात्र परत पाठवा.

आपला,
एक जुना कापडवाला, अमळनेर