काडेपेटीसारखं खोकं : सुतारकाकांना आभारपत्र

सुतारकाका, सप्रेम नमस्कार.

आभार मानायला एवढं लांबलचक पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण तुमचे आभार नुसते ‘धन्यवाद’ म्हणून फिटणारे नाहीत. तुम्ही काय दुरुस्त केलंत, ते मापांसकट लिहिलं तरच त्यांना अर्थ. शिवाय लाकडी कवचाचा छोटा संगणक करायला निघालेल्या कुणालाही ते उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र उघडं.

आमच्या पहिल्या आराखड्यात मदरबोर्डाचे (संगणकाच्या मुख्य बोर्डाचे) स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब, थेट लाकडात होते आणि पॉवर सप्लायही लाकडालाच कसलेला होता. तुम्ही कागद उलटा केलात आणि मागे एक काडेपेटी काढलीत. आतला खण पत्र्याचा, बाहेरचं कवच लाकडाचं. वजन, आटे, नेमकी मापं, सगळं पत्र्याकडे. लाकडानं फक्त पांघरायचं. सगळ्या खोक्याचं मर्म त्या चित्रात होतं. पुढचा सगळा हिशेब त्यातूनच निघाला.

लाकूड रुंदीत हलतं, लांबीत जवळजवळ नाही, हे पुस्तकात वाचलेलं असतं. हिशेब मात्र कुणी करत नाही. सागवान ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेनं सुमारे ५.८ टक्के आकसतं, म्हणजे ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे साधारण ०.१९ टक्के. चैत्रातल्या आणि श्रावणातल्या हवेत लाकडाच्या ओलाव्यात ५ टक्क्यांचा फरक पडला, तर १९० मिमी रुंदीची फळी पावणेदोन मिलिमीटरनं फुगते. मदरबोर्डाच्या भोकांना अर्ध्या मिलिमीटरचीही चूक खपत नाही. म्हणजे अस्सल सागवानात बोर्ड बसवला असता, तर उन्हाळ्यात बसलेला बोर्ड पावसाळ्यात ताणला गेला असता. म्हणूनच कवचाला तुम्ही ९ मिमीचं सागाच्या व्हिनियरचं, म्हणजे वर सागाचा पातळ थर चिकटवलेलं, प्लायवूड सुचवलंत आणि अस्सल सागवान फक्त दर्शनी फळीला ठेवलंत. वाडा उतरवताना निघालेलं जुनं सागवान वखारीतून आणलं तर ते चांगलं मुरलेलं असतं, पण करवतीखाली घेण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवायचं, ही सूचनाही तुमचीच. आत मोडून राहिलेला एक खिळा पात्याची धार घालवतो.

आता पत्र्याचा ट्रे. हे काम तुमचं नव्हे, पण कवचाची मापं यावरच ठरतात. मिनी-आयटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा मदरबोर्ड, १७० × १७० मिमी. हे माप व्हिया कंपनीनं २००१ साली आणलं आणि अजून तेच चालतं. त्याची चार भोकं चौकोनात आहेत असं वाटतं, पण ती तशी नाहीत. आडवं अंतर १५७.४८ मिमी, एका बाजूचं उभं अंतर १५४.९४ मिमी, तर दुसऱ्या बाजूचं १३२.०८ मिमी, कारण एक भोक २२.८६ मिमी आत सरकलेलं असतं. चारही भोकं काटकोनात आखली की तीन बसतात आणि चौथं हवेत राहतं. पत्र्यावर बोर्डच ठेवून टोकदार पेन्सिलीनं खुणा केल्या की हा घोळ होत नाही.

ट्रेला १ मिमीचा सीआरसी (थंड लाटलेला पोलादी) पत्रा घ्यायचा. दीड मिमी ॲल्युमिनियम दिसायला देखणं आणि हलकं, पण मागच्या जोडण्यांची पट्टी, म्हणजे आय-ओ शील्ड, साधारण ०.९४ ते १.३२ मिमी जाडीच्या पत्र्यातच चटकन अडकते. त्याहून जाड पत्र्यात तिचे उंचवटे धरत नाहीत आणि यूएसबी लावताना पट्टी आत ढकलली जाते. शील्डची खिडकी १५८.७५ × ४४.४५ मिमी. ती पत्रा वाकवून झाल्यावर, स्टँडऑफवर बोर्ड ठेवून आखायची. सपाट पत्र्यावर आधीच कापली तर वाकवण्यात अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे जातोच. १ मिमी पत्र्यात आटे पाडून भागत नाही, दोनदा कसले की ते झिजतात. त्यामुळे स्टँडऑफला मागून नट किंवा रिव्हनट, म्हणजे पत्र्यात रिव्हेटसारखा घट्ट बसणारा नट. पॉवर सप्लायचे स्क्रू ६-३२ या इंची आट्याचे असतात, एम३ या मेट्रिक आट्याचे नव्हेत. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, अर्ध्या फेऱ्यापर्यंत फिरतातही, आणि मग जोर लावला की आटा गेला.

मांडणी अशी : डावीकडे बोर्ड, उजवीकडे एसएफएक्स, म्हणजे लहान आकाराचा, पॉवर सप्लाय (१२५ × १०० × ६३.५ मिमी), दोघांची पाठ मागे. आतली रुंदी ३०४ मिमी म्हणजे १७० अधिक १२५ आणि कडांना व मधे ३-३ मिमी. आतली खोली १७८ मिमी. पॉवर सप्लायच्या पुढे ७८ मिमी उरतात. तारांचा गुंता आणि दर्शनी बटणाची शेपटी तिथेच मावते. बटण बोर्डासमोर घ्यायचा मोह होतो, पण तिथे पुढे जेमतेम ८ मिमी आहेत.

ट्रेचं बाहेरचं माप ३०६ × १८० × ६८ मिमी. दोन्ही कुशींना दीड-दीड मिलिमीटर मोकळे सोडून कवचाची आतली रुंदी ३०९ मिमी आणि उंची ७१ मिमी. आमच्या मते अर्धा मिलिमीटर पुरे होता. तुम्ही दीडच्या खाली उतरला नाहीत. पावडर कोटिंगचा थर, वाकवलेल्या कोपऱ्याची गोलाई आणि कवचाच्या आतलं पॉलिश, तिन्हींनी मिळून तो अर्धा मिलिमीटर गिळला असता. बाहेरून कवच ३२७ × ८९ × १९० मिमी, म्हणजे साडेपाच लिटर. मागच्या बाजूला कवच ट्रेच्या १० मिमी बाहेर येतं, त्यामुळे वायरी खोबणीत बसल्यासारख्या दिसतात. नुसत्या कवचाचं वजन किलोच्या आतच राहतं.

कवच कापायची तुमची रीत तशीच उतरवून ठेवत आहोत. चारही फळ्या एकाच पट्टीतून, एकापाठोपाठ एक : ३२७, ८९, ३२७, ८९. म्हणजे सागाची रेघ वरच्या फळीवरून कोपऱ्यावर वळून बाजूला उतरते आणि चारपैकी तीन कोपऱ्यांवर तुटत नाही. चौथा कोपरा खाली, उजव्या हाताला. बेरीज ८३२ मिमी. ३ मिमीचं पातं ४५ अंशांत प्रत्येक कापाला सव्वाचार मिलिमीटर खातं, म्हणून पट्टी ८६० मिमीची घ्यायची. कापाच्या रेघेवर आधी मास्किंग टेप, नाहीतर व्हिनियरचे कपचे उडतात. मग चारही तुकडे पालथे, टोकाला टोक लावून, बाहेरून टेपनं सांधायचे, खाचांत फेव्हिकॉल भरायचा आणि कागदाच्या डबीसारखी घडी घालायची. अर्धा अंशही चुकता कामा नये, हा तुमचा आग्रह आम्हाला सुरुवातीला अति वाटला. पण आठ कडांची अर्धा-अर्धा अंश चूक शेवटच्या कोपऱ्यावर ४ अंशांची होते, आणि ९ मिमी जाडीत ती जवळपास एक मिलिमीटरची फट दाखवते. लांबी (पुट्टी) भरून ती झाकली जाते, पण पहिल्या पावसाळ्यात पुन्हा उघडते. गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे येईपर्यंत क्लॅम्प सरकवायचा, आणि २४ तास हात लावायचा नाही. सुकल्यावर प्रत्येक कोपऱ्यात ३ मिमीच्या दोन खाचा पाडून त्यात ३ मिमी प्लायच्या चाव्या, म्हणजे सांध्याला आडव्या धरून ठेवणाऱ्या चकत्या. नुसत्या गोंदावरचा ४५ अंशांचा सांधा खोकं टेबलावरून पडलं की सुटतो, चावीवाला सुटत नाही.

व्हिनियर अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणून १८० नंबरच्या खालचा, म्हणजे त्याहून खरबरीत, पॉलिश पेपर हातात धरायचाच नाही. एकदा खालचा थर दिसला की त्यावर इलाज नाही.

हवेच्या बाबतीत मात्र आपला वाद झाला, आणि त्यात दोघांचंही बरोबर निघालं. लाकूड उष्णता वाहून नेत नाही. ॲल्युमिनियमच्या मानानं हजारपटीहून कमी. म्हणजे धातूच्या खोक्याची भिंत थोडीफार उष्णता बाहेर टाकते, लाकडाची नाही. जे काही काढायचं ते हवेनंच. आमच्या आराखड्यात पंख्यावर ५ मिमीची भोकं होती. ९ मिमी जाडीत ५ मिमीचं भोक म्हणजे बोगदाच, हवा त्यात अडखळते, आणि दोन भोकांमधला २ मिमीचा पूल प्लायमध्येही तुटतो. तुम्ही भोकांऐवजी खिडकी कापून त्यात सागवानी पट्ट्या बसवल्यात : ६ मिमी पट्टी, ६ मिमी फट, रेघ पट्टीच्या लांबीत, आतली कड रंध्यानं उतरवलेली. निम्मी खिडकी मोकळी आणि पट्टी मोडायची भीती नाही. जुन्या खिडक्यांच्या झिलमिळ्या आठवतात.

उंचीचा हिशेब आमचा. कूलरची, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या जोडणीची, ३७ मिमी उंची प्रोसेसरच्या माथ्यापासून मोजलेली असते, बोर्डापासून नव्हे; हा घोटाळा फार जण करतात. पत्रा १, स्टँडऑफ ६.५, बोर्ड १.६, सॉकेटसकट प्रोसेसर सुमारे ८, कूलर ३७ : एकूण ५४.१ मिमी. ७१ मधून १७ उरतात. ही जागा मोकळी ठेवली तर पंखा बाहेरची थंड हवा न ओढता आतलीच गरम हवा फिरवत बसतो. म्हणून पंख्याभोवती १५ मिमी उंच फोमचं कडं. सतराचं केलं तर कवच सरकवताना ते घासून निघून येतं. गरम हवेला बोर्डाच्या बाजूच्या भिंतीत आणि आय-ओ खिडकीच्या वर वाट. पॉवर सप्लायचा पंखा खाली तोंड करून. त्याला तळाला तशीच झिलमिळ आणि १२ मिमीचे रबरी पाय. पाय विसरले तर पॉवर सप्लाय टेबलाच्या फळीतून हवा ओढायला बघतो. प्रोसेसर ६५ वॅटचा, रायझन ५ ५६००जी, घेतला तर विदर्भाच्या उन्हाळ्यात तो बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ४५ वॅटवर आणता येतो. वेगात फार फरक पडत नाही, आवाजात पडतो.

दर्शनी फळी १२ मिमी अस्सल सागवान, ३२४ × ८६ मिमी, कवचापेक्षा चारी बाजूंनी दीड मिलिमीटर लहान. ऋतूप्रमाणे ती पाऊण-एक मिलिमीटर वरखाली होणारच. कड कवचाशी बरोबर मिळवली असती तर तो फरक नजरेत भरला असता. मुद्दाम ठेवलेल्या पायरीत तो हरवतो. ट्रेला ती मधल्या एकाच भोकात घट्ट, बाकीची भोकं उभी लांबट, वॉशर घालून. आणि तेलकट सागवानाला कुठे गोंद लावायचा असेल, तर आधी थिनरच्या फडक्यानं पुसून. कवच आणि ट्रे यांचा सांधा खालून चार एम४ स्क्रूंचा, आटे ट्रेमधल्या रिव्हनटचे, लाकडात ५ मिमीची नुसती मोकळी भोकं. प्लायच्या कडेत स्क्रू नाहीच, कारण तिथे थर फाकतात.

बटणाचं भोक १६ मिमी, पण बटणाचा नट १२ मिमी जाडीवर पोहोचत नाही. आतून खळगा करून तिथे ५ मिमीच लाकूड ठेवायचं. बटण दाबून सुटणारं घ्यायचं. दाबून अडकणारं घेतलं तर संगणक सुरू होतो आणि सुमारे ४ सेकंदांनी आपोआप बंद पडतो, आणि माणूस पॉवर सप्लायला दोष देत बसतो.

एका बाबतीत लाकडावर भरवसा ठेवायचाच नाही, ती म्हणजे अर्थिंग. धातूच्या खोक्यात ते आपसूक होतं, इथे नाही. पॉवर सप्लायची धातूची पेटी उघडायची नाही, ती ट्रेला कसलेली हवी, आणि जिथे स्क्रू बसतो तिथलं पावडर कोटिंग खरवडून उघडा पत्रा ठेवायचा, कारण कोटिंग वीज अडवतं. धातूचं बटणही एका वायरनं ट्रेशी जोडायचं. प्लग तीन पिनांचाच. फायदाही एक आहे. लाकूड वाय-फाय अडवत नाही, त्यामुळे अँटेना कवचाच्या आत, पत्र्यापासून लांब चिकटवली तर बाहेर शिंगं दिसत नाहीत.

लाकडी खोकं ही काही नवलाई नव्हे. १९७६ सालचा ॲपल-१ नुसता बोर्ड म्हणून विकला जाई, आणि घेणाऱ्यांपैकी काहींनी त्याला लाकडी पेट्याच केल्या होत्या. त्या बोर्डांना पंखा लागत नव्हता, हा त्यांचा भाग्ययोग.

पॉलिशला तुम्ही लाखेचं स्पिरिट पॉलिश निवडलंत, पॉलियुरेथेन नाही. ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा हात मारता येतो. लाख ७५ अंशांच्या आसपास वितळते; बाहेर पडणारी हवा त्याच्या बरीच खाली असते, पण खोक्यावर चहाचा गरम कप ठेवला तर पांढरा डाग उमटतो. आतूनही तितकेच हात, कारण एकाच बाजूला पॉलिश केलं की फळी वाकते.

या सगळ्याबद्दल, आणि विशेषतः त्या दीड मिलिमीटरबद्दल, मनापासून आभार.

आपले,
पत्रा आणि तारांच्या बाजूचे आम्ही

ता. क. पुढच्या कवचाला जवसाचं तेल लावून बघायचं आहे. तेलाची फडकी बोळे करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप पेट घेतात. दोरीवर एकेरी वाळत घालायची, हे लक्षात आहे. पट्टी ८६० मिमीचीच कापून ठेवा.