वाड्याला सिमेंट थापू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका जुन्या वाड्यात दोन रात्री राहिलो. तिथं आता पाहुण्यांसाठी खोल्या केल्यात. सोप्यात बसून तांबडा-पांढरा ओरपला, जुन्या तुळयांखाली गाढ झोपलो. सकाळी मात्र भिंतीला हात लावला आणि पोटात कालवलं. चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट थापलेलं! माझे वडील गवंडी. घाण्यात मळलेल्या चुन्याचा वास अजून नाकात आहे. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आतच कोंडतं. मग विटा भुसभुशीत होतात. त्यात आपला पाऊस! रंकाळ्याकाठचा, १९३४ साली पूर्ण झालेला शालिनी पॅलेससुद्धा पुढं हॉटेल झाला होता. वाडे वापरात राहावेत, असंच मलाही वाटतं. पण मालकांनो, डागडुजीआधी चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा.

– एक निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर