तांदलजाचा वर्ग

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "रविवारचं ते तांदलजाला जाणं आता पुरे कर." बाबा काहीच बोलले नाहीत, पण त्यांचं न बोलणं मला कळतं. फोनवर असं काही बोलायला गेलं की धड सांगून होत नाही आणि मागे गैरसमज राहतात, म्हणून लिहायला बसले. बडोद्यातल्या या मुस्लिम वस्तीतल्या वर्गाला जाणं मी थांबवणार नाही. का, ते नीट सांगते.

तो वर्ग ज्या चालवतात त्यांना सगळे बेन म्हणतात, मीही. माझ्याहून बऱ्याच लहान आहेत. 2002 च्या दंगलीच्या वेळी त्या चौथीत होत्या. वडिलांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज जळालं, घरही गेलं. पुढचे काही महिने सगळं कुटुंब छावणीत होतं. शहरातली अशी कितीतरी कुटुंबं नंतर तांदलजात राहायला आली, तशी हीही आली. वडिलांनी दुसऱ्याच्या गॅरेजात नोकरी धरली, आईनं शिवणयंत्र घेतलं. बेन शिष्यवृत्तीवर शिकत शिकत गणितात एम. एस्सी. झाल्या. आता घराच्या खालच्या खोलीत दहावीचा वर्ग घेतात. ज्याला जेवढी फी जमेल तेवढी तो देतो, न जमणाराही बसतो. शेजारच्या वसाहतींतली हिंदू मुलंही येतात. खोली लहान, पंखा एकच, तरी मुली जागेसाठी लवकर येऊन बसतात.

बेनचा एक हट्ट मला फार आवडतो. बहुतेक मुली भीतीपोटी दहावीला बेझिक, म्हणजे सोप्या पेपरचं गणित घ्यायला निघतात. बेन घरोघरी जाऊन आई-वडिलांना समजावतात की मुलीला अवघड पेपरचं स्टँडर्डच घेऊ द्या, नापास झाली तर मी जबाबदार. एवढी जबाबदारी अंगावर घेणारी शिक्षिका मी दुसरी पाहिली नाही, आणि बाबा, मी तुमच्यासारख्या शिक्षकाची मुलगी आहे हे लक्षात घेऊन हे वाचा.

बाबा, बंदूकवाला सर तुम्हाला आठवत असतील. एम. एस. युनिव्हर्सिटीत पदार्थविज्ञान शिकवायचे. 2002 मध्ये जमावानं त्यांचं घर जाळलं. ते आणि त्यांची मुलगी थोडक्यात वाचले. अमेरिकेत शिकलेला माणूस, कुठेही निघून जाऊ शकला असता. ते बडोद्यातच राहिले. न्यायाची मागणी त्यांनी कधी सोडली नाही, पण सूड नको, क्षमा करा, मुलांना आणि विशेषतः मुलींना शिकवा, हे आपल्याच समाजाला ते शेवटपर्यंत सांगत राहिले. नुसतं सांगून थांबले नाहीत. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी झिदनी इल्मा नावाचा ट्रस्ट उभा केला. जानेवारी 2022 मध्ये ते गेले. आपल्या शहरात त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्याचं घर ज्या गावानं जाळलं, तो त्याच गावातल्या मुलांच्या फिया भरत बसतो, ही लहान गोष्ट नाही.

आई, तुझ्यासाठी तर मला लांब जायलाच नको. सुरसागरसमोर ज्या इमारतीत तू गाणं शिकलीस, ती गायनशाळा सयाजीराव महाराजांनी 1886 साली गवई मौलाबक्षांच्या हाती सोपवली. मौलाबक्ष लहानपणीच पोरके झाले होते. दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीतही शिकले, आणि त्या काळी जे घराण्याबाहेर जायचं नाही ते स्वरलेखन करून छापून सामान्य घरांतल्या मुलांपुढे ठेवलं. तुझ्या पिढीतल्या दांडिया बाजारातल्या मुली पेटी घेऊन गाणं शिकायला जाऊ शकल्या, त्याची सुरुवात तिथे आहे. आणि ज्यांचं नाव निघालं की तू कानाला हात लावतेस ते फैय्याज खाँसाहेब 1950 मध्ये इथेच गेले, इथेच त्यांना दफन केलं. 2002 मध्ये त्यांच्या कबरीचीही नासधूस झाली. ती बातमी कळली त्या दिवशी तू जेवली नव्हतीस. मी विसरलेले नाही.

इरफान पठाणचं काय सांगायचं! कराचीच्या कसोटीत पहिल्याच षटकातली त्याची हॅट्ट्रिक बाबांकडून आपण सगळ्यांनी पाठ केली आहे. मांडवीच्या जामा मशिदीत वडील अजान द्यायचे, दोघं भाऊ मशिदीच्याच आवारात वाढले, आणि दत्ताजीराव गायकवाडांसारख्या जुन्या कसोटी कर्णधारानं इरफानला घडवलं. बाबा, हे सगळं तुम्हीच मला सांगितलंत, अगदी अभिमानानं. मग तांदलजाचं नाव निघालं की गप्प का होता?

एप्रिल 2021 आठवतो ना? खाट मिळेना, ऑक्सिजन मिळेना. तेव्हा रमजान चालू असताना जहांगीरपुऱ्याच्या मशिदीत 50 खाटांचं कोविड केंद्र झालं. त्या दिवसांत कोणी कोणाचं आडनाव विचारत नव्हतं.

तुमच्या काळजीला मी खोटं म्हणत नाही. तुम्ही दोघांनी कर्फ्यूचे दिवस काढलेत, आणि पुण्यात बसून टीव्हीवर जे दिसतं त्यानं भीती वाढणारच. पण सकाळी दहाला अकोट्याचा पूल ओलांडून मी जाते आणि दुपारी जेवायला घरी असते. उशीर झालाच तर बेनचे वडील पुलापर्यंत माझ्या मागे स्कूटरवर येतात. मी नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. त्यांनाही मुलगी आहे, आई.

आता कामाचं. बाबा, माळ्यावरच्या पेटीत तुमच्या त्रिकोणमितीच्या वह्या सापडल्या, गुजराती माध्यमाच्या आणि मराठी माध्यमाच्या वेगवेगळ्या. उंची आणि अंतराची उदाहरणं तुम्ही आकृत्या काढून जशी सोडवली आहेत तशी एकाही गाइडात नाहीत. गुजराती वह्यांच्या झेरॉक्स काढून वर्गात द्यायच्या आहेत. तुमची हरकत नसेल असं धरून चालले आहे, तरी एकदा हो म्हणा. आणि बेनचं विचारणं असं की रविवारी अकरा वाजता अर्धा तास व्हिडिओवर बसून मुलांच्या अडचणी सोडवाल का? दादाला सांगून ठेवलंय, तो फोन लावून देईल. निवृत्तीनंतर वेळ जात नाही असं तुम्हीच म्हणता. या मुलींना तुमच्यासारखा शिक्षक हवा आहे, हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. वह्या पाहून बेन स्वतः म्हणाल्या.

आई, डोळ्यांच्या तपासणीची तारीख पुढे ढकलू नकोस. थेंब वेळेवर घाल. डिसेंबरात आलात की तुला वर्गात नेईन, मग तिथे बसून रागवायचं असेल तर रागव.

तुमची,
धाकटी