पंधरा ऑगस्ट आणि आपली पोरं

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

चार वर्षांच्या पोराला पंधरा ऑगस्टचं काय सांगायचं, असं विचारलंस. आधी एक सांगतो, त्याच्याकडून भाषण पाठ करून घेऊ नकोस. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ घडाघडा म्हणेल, टाळ्या मिळतील आणि आठवड्याभरात सगळं पुसलं जाईल. या वयात पोरांना हाताला काम हवं.

आमच्याकडे आदल्या दिवशी झेंडा काढतात. कागदावर २७ सेंटिमीटर लांब आणि १८ उंच चौकट आखून देतो. झेंड्याचं प्रमाण ३:२ असतं, ते बरोबर बसतं आणि प्रत्येक पट्टा सहा सेंटिमीटरचा येतो. खरी मजा अशोकचक्रात. पांढऱ्या पट्ट्यात मावेल एवढं गोल झाकण ठेवून वर्तुळ काढायचं, त्यावर घड्याळासारख्या बारा खुणा करायच्या आणि मग दर दोन खुणांच्या मधोमध आणखी एक. झाले चोवीस आरे! धाकटा प्रत्येक आऱ्यावर बोट ठेवून मोजतो. मध्येच चुकला की पुन्हा एकपासून, कुणी मदत केलेली त्याला खपत नाही. रंग मात्र गडद निळाच दे, आकाशी नको.

राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात. तेवढा वेळ न हलता उभं राहणं हे चार वर्षांच्या जिवाला केवढं मोठं काम! आम्ही दोन-तीन दिवस आधीपासून ‘स्टॅच्यू’ खेळतो. ध्वजवंदनाच्या वेळी त्याच्या नाकावर माशी बसली तरी तो हलला नाही. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू!

पडद्याच्या दांडीवरून दोरा सोडून, रुमाल बांधून थोरलीला एक फरकही दाखवला. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून दोरीनं वर चढवतात, कारण त्या दिवशी देश स्वतंत्र झाला. सव्वीस जानेवारीला तो वरच बांधलेला असतो, नुसता फडकवतात.

थोरली आता आठची आहे, म्हणून तिला यंदा नंदुरबारच्या शिरीषकुमारची गोष्ट सांगितली. ९ सप्टेंबर १९४२, हातात तिरंगा घेतलेल्या पोरांची मिरवणूक, पोलिसांचा गोळीबार. शिरीषकुमारला सोळावंही पूर्ण झालं नव्हतं. त्या काळच्या तिरंग्यावर चरखा असे, अशोकचक्राचा झेंडा संविधान सभेनं २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला, हेही सांगितलं. पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं विचारलं, “त्याच्या आईला कुणी सांगितलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला जवळ घेऊन बसलो. धाकट्याला ही गोष्ट एवढ्यात सांगणार नाही. तूही घाई करू नकोस. गोळी म्हणजे काय हे कळायला वेळ आहे.

आणि प्लॅस्टिकचा झेंडा आणू नकोस, ध्वजसंहितेत तो बसत नाही. कागदी असेल तर संध्याकाळी पोरालाच आठवणीनं आत आणायला लाव. आमची दोघं रस्त्यात पडलेलेही उचलून आणतात, पुसून वहीत ठेवतात. हे त्यांना बोलून शिकवावं लागलं नाही, थोरलीचं बघून धाकटा करतो.

पोरगा किती सेकंद टिकला ते नक्की कळव. वहिनींना नमस्कार, पोराला गोड पापा.

तुझाच