फोटोतला पैठणीचा रंग नेमका कुठे बिघडतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पैठणमध्ये माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी लग्नसराई संपली की हात रिकामे असत. आता विणकर आणि साड्यांचे छोटे विक्रेते पैठण्यांचे फोटो काढून घ्यायला वर्षभर येतात, कारण मागापर्यंत येऊन पदर हातात घेणारे गिऱ्हाईक कमी झाले असून पुष्कळसे व्यवहार मोबाईलवरचा फोटो पाहूनच ठरतात. या फोटोंच्या रंगांबाबत एक चूक सर्रास होते. ती माझ्याही हातून झाली आणि तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली, म्हणून हे पत्र.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका ओळखीच्या विणकर कुटुंबाची साडी परत आली. राणी रंगाचे अंग, मोरपंखी काठ, पदरावर बांगडी मोर. फोटो मीच काढले होते. परत पाठवणाऱ्या बाईंनी कळवले होते की त्यांना फोटोतला मंद, मातकट गुलाबी रंग आवडला होता आणि हातात आलेली साडी त्या मानाने फारच भडक निघाली. त्यांचे काहीच चुकले नव्हते. मी ती साडी दारातल्या उजेडात धरली, शेजारी मोबाईल धरला, तेव्हा फोटोतला काठ पार विटून राखाडीकडे झुकलेला दिसला. घरातल्या मावशींनी मला एवढेच विचारले, "भाऊ, मोबाईलवर रंग असाच येतो का?" महिनोन्महिने मागावर बसून विणलेल्या वस्तूविषयी हा प्रश्न ऐकताना मला फार वाईट वाटले.

घडले होते ते असे. माझा कॅमेरा 'अॅडोबी आरजीबी' या रंगपट्ट्यावर, म्हणजे रंगांच्या एका ठरलेल्या आवाक्यावर, लावलेला होता (अनेक कॅमेऱ्यांत अशा फाइलचे नाव खालच्या आडव्या रेघेने, म्हणजे अंडरस्कोअरने सुरू होते, ही ओळखण्याची सोपी खूण). मोरपंखीसारखे हिरवे-निळे रंग त्यात नेहमीच्या 'एसआरजीबी' या रंगपट्ट्यापेक्षा अधिक मावतात, म्हणून ती निवड चुकीची नव्हती. फोटोशॉपही त्याच रंगपट्ट्यावर काम करत होते, त्यामुळे माझ्या पडद्यावर रंग अगदी बरोबर दिसला. मात्र फाइल साठवताना 'आयसीसी प्रोफाइल' (फोटो कोणत्या रंगपट्ट्यातला आहे हे सांगणारी, फाइलला जोडलेली नोंद) या शब्दांपुढची खूण काढलेली राहिली आणि फाइल प्रोफाइलशिवाय बाहेर पडली. असा बेवारस फोटो समोर आला की बहुतेक मोबाईल आणि ब्राउझर तो एसआरजीबी आहे असे धरून चालतात, आणि रंग फिके पडतात.

प्रोफाइल म्हणजे काय, हे विणकरांना मी वार आणि मीटरच्या भाषेत समजावतो. फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी लिहिलेला असतो, साधारणपणे ० ते २५५ या दरम्यान. पण नुसते "नऊ" म्हटल्याने कापड किती ते कळत नाही. नऊ वार की नऊ मीटर, हे सांगावे लागते. ते सांगण्याचे काम प्रोफाइल करते. वेगवेगळ्या यंत्रांना परस्परांचे आकडे कळावेत म्हणून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली, आणि फाइलला जोडले जाणारे आयसीसी प्रोफाइल हे तिचेच काम. एसआरजीबी १९९६ मध्ये आले, अॅडोबी आरजीबी १९९८ मध्ये.

फोटोशॉपच्या 'एडिट' मेनूत 'असाइन प्रोफाइल' आणि 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' या दोन आज्ञा एकाखाली एक आहेत आणि सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. नऊ वारांचे मीटर करायचे तर आपण ८.२३ लिहितो, आकडा बदलतो, कापड तेवढेच राहते. हे झाले कन्व्हर्ट. असाइन म्हणजे आकडा नऊच ठेवून पुढचा "वार" हा शब्द खोडून "मीटर" लिहिणे. फाइलची खरी ओळख हरवली असेल तेव्हा ती परत देण्यासाठीच असाइन वापरावे. मोबाईलसाठी किंवा छपाईसाठी फाइल तयार करताना ते वापरले, तर आपण चांगल्या फोटोचा रंग स्वतःच्या हाताने बिघडवतो.

फाइल उघडताना 'मिसिंग प्रोफाइल' किंवा 'एम्बेडेड प्रोफाइल मिसमॅच' अशी चौकट येते, ती अनेक जण न वाचता 'ओके' करतात, आणि काही जण तर ती पुन्हा दिसू नये अशीच सोय करून ठेवतात. माझा आग्रह उलट आहे. 'कलर सेटिंग्ज'मध्ये जाऊन या चौकटी मुद्दाम चालू कराव्यात आणि फाइलला जोडलेले प्रोफाइल असेल तर तेच राखावे. मॉनिटरचे प्रोफाइल सदोष असल्याचा संदेश येत असेल, तर दोष फोटोत नसून संगणकात आहे. विंडोजच्या 'कलर मॅनेजमेंट'मधून ते प्रोफाइल काढून त्या जागी एसआरजीबी मूळ निवड म्हणून बसवले की निदान काम सुरू होते. खरा उपाय मात्र यंत्राने मॉनिटर कॅलिब्रेट करून घेणे, म्हणजे त्याचे रंग मोजून बरोबर जुळवून घेणे, हाच.

आपल्या मराठवाड्यातील अनेक संगणक वर्गांत फोटोशॉपची टूल्स शिकवली जातात, पण 'कलर सेटिंग्ज'ची खिडकी उघडून दाखवली जात नाही. तिथून बाहेर पडलेली मुलेच आज साड्यांचे फोटो अपलोड करतात, म्हणून या वर्गांनी एक तास तरी त्यासाठी द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अल्बम छापणाऱ्या लॅबनीही आपल्याला फाइल कोणत्या प्रोफाइलमध्ये हवी, हे ऑर्डरच्या कागदावर स्पष्ट छापावे.

ज्यांच्याकडे असे विटलेले फोटो पडून आहेत, त्यांनी ते पुसून टाकू नयेत. मूळ फोटो अॅडोबी आरजीबीमध्ये काढल्याची खात्री असेल, तर आधी तेच प्रोफाइल असाइन करावे, मग एसआरजीबीमध्ये कन्व्हर्ट करावे आणि प्रोफाइल जोडून फाइल नव्या नावाने साठवावी. त्या कुटुंबाच्या बाकीच्या सतरा साड्यांचे फोटो मी असेच दुरुस्त केले आणि प्रत्येक साडी दारातल्या उजेडात फोटोशेजारी धरून मावशींना दाखवल्यावरच ते पुढे पाठवले.

आपला विश्वासू,
एक छायाचित्र व्यावसायिक, पैठण